बीपीचा क्लास

परतवाड्याहून जीपनं गावात येईस्तोवर रागिणीनं एकच वाक्य घोकलं होतं, ‘बाबा, मले एवढे क्लास झेपत नाही.’ नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात पोर पार पिळून निघाली होती. पहाटे टायपिंग, कारण बाबांना सरकारी नोकरी हवी होती. दिवसभर कॉलेज आणि वॉर्ड. संध्याकाळी स्पोकन इंग्लिश, कारण सरकारी नाही मिळाली तर बाबांना परदेशातली हवी होती. आणि वरून अमरावतीच्या जमुनाआत्यानं गुपचूप लावून दिलेला ब्यूटी पार्लरचा कोर्स! परीक्षा तोंडावर आलेली आणि पुस्तक उघडलं की हिला झोप. क्लास सुटले नाहीत तर वर्ष जाणार, हे तिला ढळढळीत दिसत होतं.

पार्लरचं नाव काढलं की बाबांचं, म्हणजे गोवर्धनरावांचं, डोकं फिरायचं. म्हणून फोनवर तिनं क्लासच्या पाटीवर होतं तेवढंच सांगितलं होतं, “बीपीचा क्लास हाये, बाबा.” खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. बाबांनी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं हो!

कारण आज अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि अर्धी गल्ली बाह्या सारून बसली होती. टेबलावर बीपीचं नवंकोरं मशीन होतं, काट्याचं, हातानं पंप दाबायचं.

“आली आमची बीपीवाली!” बाबा गरजले. “कॉलेजात तं सगळेच शिकतात, इनं वेगळा क्लास लावला. बस वं माय, कर सुरू.”

“बाबा, मले थोडं बोलाचं होतं...”

“मंग बोल. लोक थांबून हायेत.”

आता काय कपाळ बोलणार! कॉलेजात बीपी शिकवलं त्या दिवशी ही बया मागच्या बाकावर गाढ झोपली होती. तिनं पहिल्या खुर्चीतल्या पार्बताबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, कानात स्टेथोस्कोप घातला, पंप दाबला. ऐकू काय आलं, तर अंगणातला गलका.

“किती हाये वं?” पार्बताबाईंनी विचारलं.

पुस्तकातला एकच आकडा तिला पाठ होता. “एकशे वीस, ऐंशी. एकदम नॉर्मल.”

दुसऱ्याचंही एकशे वीस, ऐंशी. तिसऱ्याचंही तेच. शेजारच्या खुशालरावांचंही तेच निघालं, तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

“काहून वं, सगळ्याइले सारखंच? बीपी हाये का रेशनचे गहू?” अंगण खदखदून हसलं. मग मात्र त्यांचा चेहरा एकदम उजळला. “पण बरं झालं बाप्पा! उतरलं एकदाचं. आजपासून गोळ्या बंद!” आणि खिशातली गोळ्यांची पट्टी त्यांनी दिली भिरकावून.

रागिणी ताडकन उठली. “काका, नका! गोळ्या बंद नका करू! मले बीपी मोजताच नाही येत!”

“आन् क्लास?” बाबांनी विचारलं.

“तो ब्यूटी पार्लरचा हाये!” तिला रडूच फुटलं. “सकाळी टायपिंग, सांजच्याले इंग्लिश, मंग लोकाइच्या भिवया! पेशंटची नाडी धरली तं माही बोटं टायपिंग करून राहिली, बाबा! सिस्टर रागावल्या तं तोंडातून ‘फाइन, थँक्यू’ निघते. मी नापास होतो आता. मले एकबी क्लास नको!”

खुशालराव खाली वाकून आपली पट्टी शोधू लागले. गोवर्धनरावांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. शेवटी ते खुर्चीवर येऊन बसले आणि त्यांनी हात पुढं केला.

“घे, माह्यावर शिक. बरोबर मोजलं तं सगळे क्लास बंद. बापाचा शब्द हाये.”

रागिणीनं डोळे पुसले. पट्टा बांधला, पंप दाबला, हवा हळूहळू सोडली. अंगण चिडीचूप होतं आणि जन्मात पहिल्यांदा तिला ठोके ऐकू आले. ठक्, ठक्, ठक्. ठोके सुरू झाले तेव्हा काटा कुठं होता आणि थांबले तेव्हा कुठं, ते तिनं नीट पाहिलं. तिनं पुन्हा मोजलं. तोच आकडा.

“बाबा, एकशे ऐंशी, एकशे दहा! बरोबर मोजलं मी! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाला.”

“आख्ख्या गल्लीचं एकशे वीस आन् बापाचंच एकशे ऐंशी?” गोवर्धनराव कळवळून म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. “हॅलो, जमुने? पोरीले काहीच येत नाही वं. खऱ्या बीपीचा क्लास कुठी असते तिकडं?”