थोरल्याला दिवस गेले

कासव सांभाळायला अक्कल लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. भुंकत नाही, चावत नाही, पडदे ओरबाडत नाही, फिरायला न्या म्हणून दाराशी हटून बसत नाही! पाला टाकला, पाणी ठेवलं, की झालं. म्हणून आत्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी निघाली आणि आपल्या दोन कासवांचं काय करावं या काळजीत पडली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "आमच्याकडे ठेव!"

आत्यानं माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला विचारलं, "तुला जमेल ना गं?"

"आत्या, मी सांभाळणार आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर हिला विचारतेय. तू धांदरट!"

ही माझी घरचीच पदवी. अर्धी गल्ली सकाळी माझ्या बेकरीतला पाव खाऊन कामाला जाते, पण आत्याच्या लेखी मी अजून सदऱ्याची बटणं खालीवर लावणारा भाचा! तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'शाब्बास' ऐकायचं, एवढीच माझी इच्छा होती. मी तिथल्या तिथे वचन देऊन टाकलं, "दोन आणलीस, दोनच परत नेशील. एक कमी नाही, एक जास्त नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कासवांची नावं थोरला आणि धाकटा. थोरला जेवणाच्या ताटाएवढा, धाकटा त्याहून बोटभर लहान. आमची बेकरी पुढे, घर मागे आणि मधे चार पावलांचं अंगण. तिथं दोघे भाऊ गुण्यागोविंदानं राहू लागले. मी आत्याला फोनवर रोज सांगायचो, "मजेत आहेत!" ती रोज म्हणायची, "हिला दे फोन."

मग थोरल्यानं खाणं सोडलं. कोबी नको, काकडी नको. दिवसभर भिंतीकडेची माती उकरायचा.

"पळून जायचा बेत आहे त्याचा!" मी ओळखलं आणि खड्डा बुजवला. त्यानं शेजारी दुसरा खणला. मी तोही बुजवून वर वीट ठेवली. तो तिसऱ्या कोपऱ्यात गेला. मी तिथं पावाचे जुने ट्रे रचले.

"अहो, त्याला काहीतरी होतंय," बायको म्हणाली.

"होतंय काय? भुयार खणतोय! पण गाठ माझ्याशी आहे!"

दोन दिवसांनी थोरला मान आत ओढून बसला तो बाहेर काढेचना. याचं काही बरंवाईट झालं तर आत्याला कुठल्या तोंडानं सांगू? मी त्याला पावाच्या ट्रेमध्ये घातलं आणि पिठानं भरलेल्या कपड्यांनिशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो.

बाईंनी त्याला चाचपलं, एक्स-रे काढला आणि हसून म्हणाल्या, "अभिनंदन! पोटात अंडी आहेत."

"याच्या?"

"नाही, तुमच्या! अहो, ही मादी आहे."

"पण हा थोरला आहे!"

"मग थोरली म्हणा. माती उकरत होती का?"

"रोज! पण काळजी नको, मी दर वेळी खड्डा बुजवला. वर वीटसुद्धा ठेवली."

बाईंनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. "म्हणजे बाळंतिणीच्या खोलीला तुम्ही बाहेरून कडी लावलीत! आधी ती वीट काढा. आणि नर कुठला?"

"धाकटा! दुसरा आहेच कोण?"

"त्यालाही दाखवून घ्या एकदा."

"त्याला काय झालंय? तो ठणठणीत आहे," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो.

घरी येऊन मी वीट उचलली. थोरलीनं मागच्या पायांनी सावकाश खड्डा खणला, एका पायानं माती काढायची, मग दुसऱ्यानं. आम्ही श्वास रोखून उभे! आणि एकेक करत सहा पांढरीशुभ्र गोल अंडी त्यात पडली. प्रत्येक अंडं ती पायानं हळूच सावरून ठेवत होती. खरं सांगतो, आत्याच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा मी एवढा हललो नव्हतो.

"आणि हा बघा!" बायको एकदम कडाडली. धाकटा पलीकडे बसून शांतपणे काकडी खात होता. "ती मरमर मरतेय आणि याला काकडी सुचतेय!"

"मग त्यानं करायचं तरी काय?"

"निदान जवळ येऊन उभं राहायचं! पण नाही. आयतोबा! पुरुषांची जात सगळी सारखीच!"

गाडी धाकट्यावरून माझ्यावर येणार हे मला दिसत होतं. समस्त पुरुषवर्गाची अब्रू पणाला लागली होती! मी गरजलो, "बापाच्या वतीनं ही अंडी मी सांभाळेन!"

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, ऊब द्या आणि अंडी उलटू देऊ नका; जी बाजू वर आहे ती वरच राहू दे. मी प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं फुली मारली, ट्रेमध्ये बारीक ओलसर वाळू पसरली आणि अंडी अलगद त्यात बसवली. उबेला तर आमच्याकडे तोटा नाही. मळलेलं पीठ फुगायला ठेवायचं आमचं मोठं उबदार कपाट आहेच! पावाला तिथून हाकललं, अंड्यांना आत घेतलं.

पाव रुसले. उघड्यावर ठेवलेलं पीठ फुगायचं नावच घेईना. भट्टीतून निघायचे ते चपटे, घट्ट, पायावर पडले तर हाड मोडेल असे. समोरचा न्हावी एक पाव परत घेऊन आला. "शेठ, याला धार लावून मिळेल का? वस्तरा म्हणून वापरतो." पण कारण कळल्यावर त्यानं तोच पाव मुकाट्यानं बगलेत मारला आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं पावाआधी विचारू लागली, "काही हालचाल?"

घरात मात्र माझी धडगत नव्हती. मी जरा चहा घेऊन टेकलो की बायको अंगणाकडे बघत नुसतं म्हणायची, "धाकटा!" मी ताडकन उठायचो. भांडी घासली, कपडे वाळत घातले, कोळ्याची जाळी काढली. धाकटा काकडी खायचा आणि त्याची भरपाई मी करायचो.

खरा घाला मात्र घरातूनच पडला. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, यांनी बेकरी माझ्या हाती सोपवून बरीच वर्षं झाली, पण हात स्वस्थ बसत नाहीत. लांबच्या यात्रेहून ते रात्रीच परतले होते आणि पहाटे मी बाहेर टेम्पोतून पिठाची पोती उतरवून घेत होतो. आत आलो तर कपाट सताड उघडं आणि ट्रे गायब! बाबा भट्टीसमोर उभे. चष्मा कपाळावर, एका हातात दुधाचा ब्रश, दुसऱ्या हातात ट्रे.

"काय रे, हे बन कोणी केले? फुगलेच नाहीत मेले! आणि खाली एवढा रवा कशाला? वरून दुधाचा हात फिरवलाय. आता भाजून तरी बघू."

"बाबा! थांबा! ती आत्याची नातवंडं आहेत!"

"ताईची?" बाबा गोंधळले. "ताईला तर एकच नात झाली ना?"

मी झेप घेतली. ट्रे दोन्ही हातांनी झेलला, तोल गेला आणि दोन्ही पाय मळलेल्या पिठाच्या टपात गुडघ्यापर्यंत रुतले! पण ट्रे मी डोक्यावर सरळ धरून ठेवला होता. बायकोनं तो आधी घेतला, मला नंतर उपसलं.

"फुल्या वर आहेत ना?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं.

"आहेत. पण दुधाखाली."

"हलक्या हातानं पुसा. आणि तुमच्या बाबांना चष्मा लावायला सांगा!"

बाबा दिवसभर अपराधी चेहऱ्यानं कपाटाशी राखणीला बसले, चष्मा लावून.

पिल्लं यायची वेळ जवळ आली आणि नेमकी आत्या परतली. मी तिची पिशवी हातातून घेतली आणि तिला थेट कपाटापाशी नेलं. सगळी हकिकत सांगितली. विटेचा भाग जरा आवरता घेतला. आत्यानं वाकून एकेक करत सहाही अंडी मोजली. पदरानं डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं, "शा..."

"अहो, लवकर या!" अंगणातून बायको ओरडली. "धाकटा खड्डा खणतोय!"

आम्ही धावलो. धाकटा खणत होता. एका पायानं माती काढायची, मग दुसऱ्यानं. आणि आमच्या डोळ्यांदेखत धाकट्यानं पहिलं अंडं घातलं!

डॉक्टरीणबाई आल्या. धाकट्याला उचललं, शेपटी पाहिली आणि माझ्याकडे वळल्या. "हा तुमचा ठणठणीत नर का? अहो, या बहिणी बहिणी आहेत! कोंबडी कशी एकटीच अंडी घालते, तशीच घातली. कपाटातली सगळी पोकळ. त्यातून काही यायचं नाही!"

म्हणजे एवढे दिवस मी पोकळ अंड्यांना ऊब देऊन अख्ख्या गल्लीला विटा खाऊ घातल्या! आत्या हसता हसता अंगणातल्या पायरीवर बसली. मग उठली, खाली वाकली आणि धाकटीच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "शाब्बास गं माझी बाई!"

बायकोचे डोळे भरून आले. "किती बोलले गं तुला मी! आयतोबा म्हणाले!" तिनं घरातली सगळी काकडी चिरून धाकटीपुढे ठेवली. एवढ्यात काहीतरी सुचल्यासारखी थांबली आणि सावकाश माझ्याकडे वळली.

"म्हणजे अहो, या घरात आयतोबा एकच होता तर!"

मी नुकताच चहाचा कप तोंडाला लावला होता. तो तसाच खाली ठेवला आणि मुकाट्यानं भांडी घासायला उठलो.