लंबकाला सुट्टी

“अरे, हात हलला की कमान हलली, कमान हलली की वेळ ढळली! तुझं मन म्हणजे सांडलेला पारा. आधी स्थिर बस, मग चिमटा धर!”

हा घड्याळजींना काम शिकवणाऱ्या उस्तादांचा आवाज. उस्तादांना जाऊन वर्षं लोटली होती, पण आवाज मात्र घड्याळजींच्या उजव्या कानापाशी कायमचा मुक्कामाला राहिला होता. भिंग डोळ्याला लावावं, घड्याळातली केसाएवढी कमान चिमट्यात धरावी, की आवाज आलाच! मग हात वाऱ्यावरच्या पानासारखा लटपटायचा.

एरवी निभावून गेलं असतं. पण चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ सांभाळणारे म्हातारबुवा आता निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब स्वतः परीक्षा घेणार होते. समोर बसायचं आणि कमान बसवून दाखवायची. मनोऱ्यावर चढून साऱ्या गावाची वेळ आपल्या हातानं लावायची, हे घड्याळजींचं अर्ध्या चड्डीतलं स्वप्न.

“ध्यान करणार!” त्यांनी एका सकाळी जाहीर केलं. “रोज! परीक्षेच्या दिवशी हात असा राहील, की वर बसलेल्या माशीला वाटेल, टेबलच आहे!”

“माशी बसेल हो,” बायको म्हणाली, “पण तुम्ही बसाल का? एका जेवणात तीनदा उठता.”

बायको दवाखान्यात नर्स. माणसाची नाडी धरूनच बोलायची सवय.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. घड्याळजी दुकानात सतरंजी घालून बसले आणि डोळे मिटले. मिटल्याबरोबर टिकटिक सुरू! म्हणजे ती आधीपासूनच होती, पण डोळे मिटल्यावर ती अंगावर आली. भिंतभर घड्याळं. जणू उंदरांची अख्खी वरात कपाट कुरतडत चाललेली. त्यात प्रत्येकाची चाल वेगळी. शांती बिचारी दारापर्यंत येई आणि आत गर्दी बघून परत जाई.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी उठले आणि त्यांनी लंबक धरले. एकेक करून सगळे. अगदी शेवटी, खिडकीतल्या मोठ्या घड्याळाचाही.

काय ती शांतता! विहिरीत पाणी असावं तशी. घड्याळजी त्यात बुडले, तळाला गेले, घटकाभर तिथेच राहिले. वर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. हलक्या हातानं त्यांनी त्याच क्रमानं एकेका लंबकाला झोका दिला, मोठ्या घड्याळाला सर्वांत शेवटी. मग दुकानाच्या जुन्या शिस्तीप्रमाणे बाकीची सगळी मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिली. एक काटा इकडचा तिकडे नाही! घड्याळजी तृप्त झाले. सगळी घड्याळं एकमतानं खोटं बोलत होती, आणि एकमत म्हटलं की संशय कुणाला येतो?

असं रोज सुरू झालं. जसजसं ध्यान खोल गेलं, तसतशी घटका लांबत गेली.

आता त्या गल्लीची एक रीत होती. फोन अजून माणसांच्या खिशात शिरलेले नव्हते. येता-जाता खिडकीतल्या मोठ्या घड्याळाकडे बघायचं आणि आपलं मनगटी घड्याळ जुळवायचं. जुळलं नाही, तर आत जाऊन दुरुस्तीला टाकायचं. मोठं घड्याळ चुकेल, असं म्हणणं म्हणजे सूर्याला उशीर झाला म्हणण्यासारखं.

पहिल्यांदा बेकरीवाला आला. “घड्याळजी, माझं घड्याळ हल्ली पळतंय हो!”

“जग पळतंय, दादा,” घड्याळजी मंद हसले. “द्या, मी त्याला शांत करतो.” आणि त्यांनी काटे मागे घेतले.

मग शाळेच्या बाई आल्या. त्यांचंही पळत होतं. मग न्हावी. मग न्हाव्याचं गिऱ्हाईक, अर्धी दाढी साबणात ठेवून. दुकानात रांग लागली! घड्याळजींना वाटलं, ध्यानाचं फळ दिसायला लागलं. हातही खरोखरच स्थिर होत चालला होता. कमान चिमट्यात धरली, तरी उस्ताद चकार शब्द काढत नव्हते.

“दिवस लहान झाले नाही?” न्हावी म्हणे.

“आणि रेडिओवरच्या बातम्या लवकर लागतात,” बेकरीवाला म्हणे. “घाई झालीय सगळ्यांना!”

सर्वांत जास्त घाई बसला झाली होती. ती रोज लवकर सुटायची. अख्खी गल्ली हात हलवत मागे धावायची. शेवटी एका सकाळी लोक रस्त्यात आडवे उभे राहिले.

“काय हो, ड्रायव्हरसाहेब, वेळ पाळायला काय घेता?”

“मी वेळेवरच आहे!” ड्रायव्हरनं मनगट दाखवलं.

“मग तुमचं घड्याळ बिघडलंय! चला आत!”

शाळेच्या बाईंनी त्याला धाकट्या भावासारखं दंडाला धरून आत आणलं. घड्याळजींनी त्याच्या घड्याळाचे काटे मागे घेतले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रागावू नका. रोज थांबाल तेव्हा खिडकीतून वेळ लावून घेत जा.”

त्या दिवसापासून बस गल्लीत अगदी वेळेवर येऊ लागली. बाकीच्या साऱ्या गावात तिचं काय झालं, हे गल्लीला कळण्याचं कारण नव्हतं.

परीक्षेची सकाळ उजाडली. घड्याळजी ध्यानातून उठले ते ढगावरून उतरल्यासारखे. बायको दारात चप्पल घालून उभी.

“हल्ली फारच लवकर निघतेस.”

“अहो, ऐका ना. तुम्हीसुद्धा आत्ताच निघा. हे घड्याळ—”

घड्याळजींनी तळवा वर केला. “आज नको. मन पाण्यासारखं झालंय. खडा टाकू नकोस.”

“अहो, पण—”

तळवा आणखी वर गेला. बायकोनं एकदा तळव्याकडे पाहिलं, एकदा लंबकाकडे, आणि ती गेली.

घड्याळजी वेळेच्या बऱ्याच आधी, म्हणजे मोठ्या घड्याळाप्रमाणे बऱ्याच आधी, आपल्या त्या वेळेवरच्या बसनं चौकात पोचले. इंजिनिअरसाहेब ऑफिसला कुलूप लावत होते.

“लवकर आलो का मी?”

“परीक्षा झाली. माणूसही नेमला.”

घड्याळजींच्या मनातलं पाणी जरासं हललं. पण जरासंच. “साहेब, आपलं घड्याळ पुढे आहे. द्या इकडे, चुटकीसरशी ठीक करतो.”

साहेबांनी बोट वर केलं. मनोऱ्यावरचं घड्याळ त्याच वेळी टोले देऊ लागलं. “आणि ते?”

“तेही पुढे आहे!” घड्याळजी खुलले. “म्हणून तर मी आलोय!”

साहेबांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, “स्टेशनवरचं, दवाखान्यातलं, रेडिओवरचं, सगळ्यांचं चुकलं आणि तुमचं एकट्याचं बरोबर?”

“हो!” घड्याळजी म्हणाले. आणि ‘हो’ म्हणता म्हणताच त्यांना दिसला, सकाळच्या उन्हात, आपल्याच दोन बोटांत अलगद धरलेला मोठा लंबक.

ते चालत घरी आले. बस पकडायचं धैर्य नव्हतं.

बायको कामावरून परतली होती. त्यांचा चेहरा बघून तिनं स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणला, कोपरापर्यंत हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक छोटं गजराचं घड्याळ बाहेर काढलं. पीठ फुंकरून त्यांच्यासमोर ठेवलं. ते बरोबर चालत होतं.

“म्हणजे तुला ठाऊक होतं!”

“पहिल्याच दिवसापासून. मला वेळेवर औषधं द्यावी लागतात. बाहेर ठेवलं असतं, तर तुम्ही तेही थांबवलं असतंत.”

“आणि बोलली नाहीस?”

“आज बोलत होते. हात कुणी वर केला?”

“आज! अगं, पण इतके दिवस?”

घड्याळजींनी छोटं घड्याळ उचललं आणि सवयीनं त्याचं मागचं झाकण उघडलं. आतल्या कमानीवर पिठाचा एक कण बसला होता. त्यांनी तो चिमट्यानं अलगद टिपला. हात तसूभर हलला नाही! बघायला साहेब मात्र नव्हते.

भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती. तिनं त्यांच्याकडे एकदा नजर फिरवली आणि पदराला हात पुसले.

“लग्न होऊन आले, तेव्हापासून ही टिकटिक ऐकतेय,” ती म्हणाली. “झोपेत, तापात, बाळंतपणात. तुम्ही लंबक धरायचात ना, तेव्हा मी फळीला पाठ टेकून पलीकडे बसायचे. डोळे मिटून, हातातलं काम टाकून. कसं सांगणार होते? ध्यान तुम्ही करत होता, पण लागत मला होतं.”