तीन दिवस, एक खोली आणि एक गाडी

मनुष्यजातीची जी कामे आजवर झालेली नाहीत, ती सर्व येत्या सुट्टीत होणार आहेत. कोणत्याही घरात विचारून खात्री करून घ्यावी. त्यामुळे शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग सुट्टी आली की जबाबदार दांपत्ये आठवडाभर आधीच गंभीर दिसू लागतात. अशाच एका दांपत्याचे कार्य लहानथोरांनी अभ्यासण्यासारखे आहे. सावकाश सांगतो. घाई त्यांनीही केली नव्हती.

नवरा कारखान्यात तपासनीस आहे. आलेला प्रत्येक भाग मोजून, फिरवून, ठोकून पाहिल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. बायको एका मोठ्या कचेरीत जुन्या फायली सांभाळते. तिथला कागदाचा कपटासुद्धा दोन सह्यांशिवाय फेकता येत नाही. दोघेही आपापल्या जागी उत्तम आहेत. (दोघांना एकाच घरात कोणी ठेवले, ही चौकशी इथे करायची नाही.)

कामे दोनच होती. मंगळवारी सकाळी बायकोच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. आई सोमवारी चारच्या बसने येणार आणि महिनाभर राहणार होत्या. तेव्हा मागची खोली रिकामी हवी होती, कारण तिथे सामानाखाली एक पलंग आहे असे दोघांनाही आठवत होते. आणि आईंना स्टँडवरून आणायला गाडीची मागची सीट रिकामी हवी होती. हे ऑपरेशन याआधी दोनदा पुढे ढकलले गेले होते. दोन्ही वेळा डॉक्टर तयार होते. खोली तयार नव्हती. या वेळी डॉक्टरांनी बजावले होते की मोतीबिंदू पिकला आहे, आता थांबायचे नाही.

शुक्रवारी यादी झाली. दोन कामांची यादी दोन ओळींची असते, असा एक गैरसमज आहे. ही सदतीस ओळींची झाली, आणि त्यातली एकही ओळ अनावश्यक नव्हती. गाडी रिकामी करायचीच तर धुवायलाही हवी. धुवायची तर बादली हवी. तपासणीत बादलीला चीर आढळली. चीर बुजवायची तर चिकटवायचे सोल्युशन लागते, आणि त्याच्या डबीवर लिहिले होते की अठ्ठेचाळीस तास वाळू द्यावे. सुट्टी उजाडताच नवऱ्याने बादली गॅलरीत उपडी घातली, वर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि पहिला दिवस कामाला लागला.

शनिवारी खोलीतले सामान आणि गाडीतले सामान बाहेरच्या खोलीत आणून तपासणीला सुरुवात झाली. घरचा नियम असा, की कोणतीही वस्तू दोघांच्या संमतीशिवाय टाकायची नाही.

"हा पंखा टाकू?" बायकोने विचारले.

"चालत नाही का तो?"

"सहा वर्षं चालत नाहीये."

"मग का चालत नाही ते बघितल्याशिवाय कसा टाकणार?"

"बरं. आणि ही तुझी मोडकी छत्री?"

"ती टाक."

"अशी कशी टाकू? हिची जोडी मी माळ्यावर ठेवलीय. दोन्ही एकदमच टाकू, म्हणजे विषय संपेल."

दिवसअखेर एकशे बारा वस्तू तपासून झाल्या. टाकण्यास मंजुरी मिळालेली वस्तू : एक, वाळलेले पेन. (रविवारी तेही परत घेण्यात आले. त्याचे टोपण दुसऱ्या पेनाला बसत होते.)

तरीही न्यायाने सांगायला हवे की शनिवारी संध्याकाळी पलंग सोडून खोली रिकामी होती आणि गाडीही रिकामी होती. दोन्ही कामे पूर्ण झाली होती. इथे दोघे दोन दिवस गाढ झोपले असते, तर गोष्ट इथेच संपली असती. परंतु दोघे कष्टाळू होते.

रविवारी बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणी येणार, तिला बसवायचे कुठे? तेव्हा बायकोने खोलीतल्या सामानाची बत्तीस खोकी बांधली, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि ती रिकाम्या गाडीत तात्पुरती नेऊन ठेवली. त्याच वेळी नवऱ्याने गाडीतले सामान, म्हणजे दोन टायर, जॅक, तेलाचे डबे, घडीच्या चार खुर्च्या आणि एक ताडपत्री, रिकाम्या खोलीत तात्पुरते नेऊन ठेवले. (तात्पुरते : पुढील सुट्टीपर्यंत टिकणारे.) जिन्यात दोघांची नऊ वेळा गाठ पडली.

"चाललंय ना?"

"चाललंय की!"

इतका समंजस संवाद फार थोड्या संसारांत आढळतो.

सोमवारी बादली वाळली. गाडी बाहेरून धुतली. आतून धुता येईना, कारण आत खोली होती. तीन तास घासल्यावर नवरा उन्हात उभा राहून काचेवरचा एक डाग तपासत असताना वर घरात बायकोचा फोन वाजला.

"अगं, बस लवकर पोचली. मी स्टँडवर बसलेय. सावकाश या हो."

बायको धावत खाली आली.

"मागची सीट?"

"तिथं तुझी खोकी आहेत. एक ते सतरा."

"मग पुढची?"

"अठरा ते चोवीस."

"अरे, मग माझी आई कुठं बसणार?"

नवऱ्याने यादी काढून पाहिली. सदतीस ओळींमध्ये हा मुद्दा नव्हता.

बायको टॅक्सीने गेली. तेवढ्या वेळात खोली मोकळी करण्याचे काम नवऱ्याकडे आले. ती परतली तेव्हा त्याने एका टायरची हवा तपासून होत आणली होती.

आई मागच्या खोलीच्या दारात थांबल्या. पिकलेल्या डोळ्यानेही त्यांना सगळे दिसले.

"काय हो जावईबापू, गॅरेज काढलंत की काय?"

"तात्पुरतं आहे, आई."

लेक रडकुंडीला आली. आई मात्र घडीची एक खुर्ची उघडून दोन टायरांच्या मध्ये बसल्या आणि पदराने चेहरा पुसून हसू लागल्या. हसणे थांबेना.

"आई, हसतेस काय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय!"

"अगं, दोनदा म्हणालीस ना, खोली आवरली की कळवते. मला वाटलं, मीच नको झालेय तुम्हाला. वर्षभर तेच घोकत होते बघ. आणि खरंच खोलीच आवरली नव्हती होय गं!"

त्या रात्री आई दांपत्याच्या पलंगावर झोपल्या आणि दांपत्य ताडपत्रीवर. मंगळवारी ऑपरेशन ठरल्या वेळी झाले.

वाचकांना या दोघांचे हसू आले असेल. जरूर हसावे. आपल्याकडेही कोणीतरी चार दिवस यायचे म्हणत होते, आणि आपणही त्यांना जरा आवरून झाल्यावर कळवणार होतो. फरक एवढाच, की या आईंनी येऊन पसारा डोळ्यांनी पाहिला. आपल्या माणसाने तो अजून पाहिलेला नाही. त्याने मनाशी काय समजूत करून घेतली असेल, ते त्यालाच ठाऊक.