नव्या टाकीतली पाठराखीण

लग्न ठरलं की आमच्या खाडीकाठच्या गावांत मुलगी आणि तिची पाठराखीण गोगलगायी होतात, आणि मुहूर्त लागेपर्यंत सासरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत राहतात. आधी बाहेर काढलं तर जन्मभर तशाच राहतात, आणि आत मेल्या तर मेल्या. म्हणून टाकीशेजारी मुलीचा मामा बसवतात. माझी भाची हेमांगी आणि तिची चुलतबहीण रेवती टाकीत होत्या, मी खुर्चीत होतो.

टाकी केवढी, तर लोणच्याच्या दोन बरण्या शेजारी ठेवाव्यात एवढी. तीही नवी कोरी करकरीत. बघूनच मी वैतागलो. एवढंसं पाणी बिघडायला कितीसा वेळ लागतो? पण मुलीकडच्याने तोंड उघडलं की मानपान निघतो, म्हणून जास्त बोललो नाही. पाणी आटलं की वरून गोडंच घालायचं, कारण मीठ काही आटत नाही, एवढं बजावलं. आणि परसातल्या जुन्या टाकीच्या तळाची ओली वाळू आणून यात पसरली, नव्या टाकीला जरा जुनेपणा यावा आणि पाणी टिकावं म्हणून.

मुलाची आई नलूताई. बाई लाख माणूस, पण हातातली घासणी सुटेल तर शपथ. उठल्या की टाकीची काच घासायच्या, जेवणं उरकली की पुन्हा घासायच्या. काचेवर हिरवट थर धरायची सोयच नाही, आणि पोरी तर तोच खाऊन जगणार. वर कौतुकाने पुरणपोळीचा तुकडा पाण्यात टाकायच्या. तो मी चमच्याने काढत बसायचो.

मुहूर्त आठवड्यावर आला आणि हेमांगी काचेवरून सुटून वाळूत उताणी पडली. मी काडीने सरळ केली, तर पुन्हा पडली. रेवती पाणी सोडून पार वरच्या कडेला येऊन चिकटली होती. ती बाहेर पडली तर कायमची संपली, म्हणून मी झाकण दाबून धरलं. बहिणीला जाऊन काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात नलूताई घासणी घेऊन आल्या. मी मानपान गुंडाळून ठेवला.

“विहीणबाई, ती घासणी खाली ठेवा. पोरी उपाशी मरतायत.”

त्या जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी कुंदा शेवाळ्याने गेली. सासूबाईंनी सांगितलं होतं.”

कुंदा त्यांची धाकटी बहीण. त्यांच्या लग्नात तीच पाठराखीण होती. मुहूर्ताला नलूताई टाकीतून बाहेर आल्या, कुंदा सापडलीच नाही. परसातली जुनी टाकी तीच. तेव्हापासून नलूताई तीही भरून ठेवतात आणि रोज घासतात. मला बाईंची दया आली, पण टाकीत माझी भाची होती.

“शेवाळ्याने कोणी मरत नाही,” मी म्हणालो. “ते त्यांचं जेवण आहे.”

त्यांनी घासणी माझ्याकडे दिली आणि हात पदरात गुंडाळून समोर बसल्या. मी टाकी सकाळच्या कोवळ्या उन्हात सरकवली. काच हिरवी व्हायला लागली. घरी येणारे पाहुणे नाकं मुरडायचे, तसा बाईंचा हात पदरातून बाहेर यायचा. मी नुसतं बघितलं की आत जायचा. रेवती खाली उतरली. हेमांगी सरळ झाली, पण तिने खाल्लंय की नाही ते कळेना.

लग्नाच्या दिवशी सकाळी हिरव्या काचेवर खाल्ल्याच्या वाटा उमटल्या होत्या. एक रेवतीची. एक हेमांगीची, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तिसरी वाट खालून वाळूतून निघाली होती. नलूताईंनीही ती पाहिली आणि भिंत धरून उभ्या राहिल्या.

भटजींनी घटका भरल्याचं सांगितलं. हेमांगी बाहेर आली, मागून रेवती आली. त्यांच्या मागून परकर-पोलक्यातली एक मुलगी आली, केसांतलं पाणी पिळत.

“ताई,” ती नलूताईंना म्हणाली, “किती गं घासतेस?”

नलूताईंनी तिला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडल्या. मग डोळे पुसून स्वयंपाकघराकडे हाक मारली, आणि पाठराखिणींच्या पंगतीत एक पान जास्त मांडायला सांगितलं.