सहीखाली ‘सूचक’

आमच्या वडिवळ्यातले गोपाळआबा कुठेही सही केली की तिच्याखाली ‘सूचक’ असं लिहितात. कुरिअरच्या पावतीवर, गॅसच्या अर्जावर, सगळीकडे. लोणावळ्याच्या दवाखान्यात सुनेचं बाळंतपण होतं, तेव्हा ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यातही त्यांनी ‘सूचक’च लिहिलं. नर्सबाई चिडल्या. आपलं काय चुकलं, हे आबांना अजून कळलेलं नाही.

त्याचं असं आहे, की आमच्या गावचे किसनराव दूरच्या एका राज्याचे राज्यपाल झाले, आणि आबा त्यांचे लंगोटीयार. किसनराव पहिल्यांदा ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही केली आबांनी. पुढे जिल्हा परिषद, मग आमदारकी, प्रत्येक अर्जावर आबांचीच सही. मध्ये एकदा किसनराव पडले, तर आबांनी दोष पेनाला दिला. “माज्या सहीबिगर त्याचं पान हाललं न्हाई,” हे ते रस्ता विचारायला थांबलेल्या पर्यटकांनाही ऐकवतात.

राज्यपालाला अर्ज नसतो, सूचक नसतो, थेट दिल्लीहून नेमणूक होते, हे कळल्यावर मात्र आबा महिनाभर घुश्शात होते. शेवटी कोऱ्या कागदावर ‘मी किसनचे नाव सुचवितो’ असं लिहून त्यांनी तो राजभवनाला रजिस्टरने धाडला. तेव्हा कुठे ती नेमणूक त्यांच्या लेखी कायदेशीर झाली.

यंदा किसनरावांची मुदत संपत आली. त्यांना आणखी एखादं राज्य मिळावं म्हणून गावाने दिल्लीला विनंतीपत्र लिहिलं. पहिली सही अर्थातच आबांची. कागद घेऊन मीच गेलो. आबा खाचराच्या बांधावर बसले होते. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला. पेन आवडलं नसेल म्हणून मी दुसरं पुढे केलं.

“पेनाचं न्हाई रं,” आबा म्हणाले. “आई गेली, थोरला भाऊ गेला. आता समदं गाव मला आबा म्हनतंय. गोप्या म्हननारा त्यो एकच उरलाय. लय झाली राज्यं. त्याला आता घरी येऊ द्या.”

मी दोन्ही पेनं खिशात घातली आणि कागदाची घडी केली. पत्र आबांच्या सहीविनाच गेलं. दिल्लीहून उत्तर काही आलं नाही.

गेल्या आठवड्यात देवळापुढे गाडी थांबली. काच खाली झाली आणि आतून हाक आली, “ए गोप्या!”

एरवी गुडघे धरून चालणारे आबा चपला तिथेच टाकून पळत सुटले.