गुंडीच्या पोटातली शिट्टी

कुत्रा सांभाळणं ही मुळात वाचनाची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. मी फारशी ठाम मतं बाळगत नाही. हे एक चुकून राहून गेलं होतं. म्हणूनच मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, ऑफिसच्या कामानं बाहेरगावी चाललेय, गुंडीला ठेवून घ्याल? जमेल?" तेव्हा मी चक्क छाती फुगवून म्हणालो, "न जमायला काय झालं? वाचनालयातून पुस्तक आणलंय. हवी तर परीक्षा घे!"

"परीक्षाच आहे," ती म्हणाली. "गुंडी धडधाकट राहिली, तर तुम्ही एकटे राहू शकता हे मी मान्य करीन. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

मी माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं. तिच्या घरात माणसाला जागा आहे, पुस्तकांना नाही!

गुंडी म्हणजे मांडीवर मावणारी, शिह त्झू जातीची कुत्री. चपटं नाक, बटणासारखे डोळे आणि जमिनीवर लोळणारे केस. चालायला लागली की वाटावं, फरशी पुसायचं फडकं आपण होऊन कामाला लागलंय. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी ओल्या कापसानं तिचे डोळे पुसत होतो, कपाळावरच्या केसांना रबर बांधत होतो, रोज ब्रश फिरवत होतो. मानेपासून शेपटीपर्यंत नुसतं रेशीम! पोटाखालच्या केसांचंही पुस्तकात होतं. पण त्यासाठी तिला उताणी करावं लागतं. आता, आमची ओळख नवी, त्यात ती मादी. मला संकोच वाटला. तेवढं प्रकरण मी सोडून दिलं.

त्या दुपारी मी आरामखुर्चीत वाचत पडलो होतो, गुंडी माझ्या पोटावर. डोळा लागणार असं वाटलं म्हणून कानाचं मशीन काढून उघड्या पुस्तकावर ठेवलं. जाग आली तेव्हा पुस्तक होतं, गुंडी होती, मशीन नव्हतं. आणि गुंडी जिभल्या चाटत होती!

खुर्चीखाली पाहिलं. उशी झटकली. स्वतःला झटकलं. नाही! घाईघाईनं पुस्तक चाळलं, तर त्यानं धीर द्यायचं सोडून मला आणखीच घाबरवलं: 'ही कुत्री बारीकसारीक वस्तू गिळतात. बॅटरी गिळल्यास आतड्याला भोक पडू शकते. क्षणाचाही विलंब करू नये.'

माझ्या मशीनमध्ये बॅटरी होती!

गुंडीला टॉवेलात गुंडाळून मी शेजारच्या वकीलबाईंच्या दारावर जवळजवळ आदळलो. त्यांनी टॉवेलाजवळ कान नेला आणि दचकून मागे सरकल्या.

"काका! ही शिट्टी वाजवतेय!" त्या माझ्या कानात ओरडल्या.

"कोण?"

"गुंडी! पोटातून!"

मंडळी, हे मशीन चालू असताना कशाखाली दाबलं गेलं की शिट्टी मारतं. ती साऱ्या जगाला ऐकू येते. येत नाही ती फक्त मशीनच्या मालकाला.

"म्हणजे गिळलंच!" मी ओरडलो. वकीलबाईंनीच मला आणि गुंडीला टॅक्सीत कोंबलं आणि स्वतःही बसल्या.

थोडं अंतर गेल्यावर टॅक्सीवाल्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि बॉनेट उघडून बघायला लागला.

"अहो, गाडीतून नाही, कुत्रीतून येतोय आवाज!" मी किंचाळलो.

तो परत येऊन बसला आणि त्यानं आरशातून मला एकदा नीट न्याहाळलं. मग मात्र गाडी अशी हाणली, की आम्ही कधी उतरतोय असं त्याला झालं असावं.

प्राण्यांचे डॉक्टर तरुण आणि भलतेच उत्साही होते. पोट चाचपायला गेले तर गुंडी मासळीसारखी निसटली. शेवटी कसाबसा एकच एक्स-रे निघाला. त्यात पोटाच्या मधोमध, बरगड्यांच्या खाली, माझं मशीन!

"ऑपरेशन!" डॉक्टर माझ्या कानाशी ओरडले. "मालकाची परवानगी लागेल."

वकीलबाईंनी मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, मला अक्षर ऐकू येईना. मी आपला ओरडत सुटलो, "चूक माझीच! गुंडीला वाचवतो! सामान बांधतो! पुस्तकं वाटून टाकतो! तू म्हणशील तसं!" शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला. डोळ्यांपुढे कपाट आलं, रिकामं.

तेवढ्यात डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी गुंडीला उताणी केली आणि ऑपरेशनच्या तयारीसाठी पोटावर केस काढायचा ट्रिमर फिरवायला घेतला. दोन बोटं पुढे गेला आणि गचकन अडला.

पोटाखालच्या केसांचा गुंता होऊन चिमणीच्या घरट्याएवढा गोळा झाला होता. त्या घरट्यात, आरामात, शिट्टी मारत, माझं मशीन बसलं होतं!

डॉक्टर माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "आजोबा, इथे ब्रश कधी फिरवला होता?"

"आमची ओळख नवीन होती," मी पुटपुटलो.

मशीन पुसून कानात घातलं. पहिला आवाज आला तो मुलीचा. "अहो बाबा, गुंडीचं असू दे हो! तुम्ही बरे आहात ना? केव्हाची तेच विचारतेय मी!"

ती परत आली तेव्हा गुंडी वरून राजकन्या आणि खालून सोललेला बटाटा होती. मी पुस्तकं खोक्यांत भरत बसलो होतो. मुलीनं गुंडीला उचलून खालून पाहिलं, वरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ती खोकी सोडा. तुम्ही इथेच राहा. गुंडीही इथेच राहील."

"म्हणजे मी पास?" मी उठूनच उभा राहिलो.

"छे! तुम्ही साफ नापास आहात. पण तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं ना? आणि तुमच्या हरवलेल्या वस्तू निदान हिच्या पोटाखाली तरी सापडतील!"

आता मी गुंडीला रोज सकाळी उताणी करून विंचरतो. काल पेनाचं टोपण मिळालं. संकोच मात्र अजून गेलेला नाही. ब्रश फिरवताना मी खिडकीबाहेर बघतो. गुंडीही तिकडेच बघते.