टँकर कधी येणार? सर्वोत्तम सात पिंपं

माणूस बायकोशी खोटं बोलतो, साहेबाशी खोटं बोलतो, देवाशी तर नवस बोलताना हमखास खोटं बोलतो. मोबाइलवर सर्च मारताना मात्र तो खरं बोलतो. या एका सत्यावर आज जगातला निम्मा व्यापार उभा आहे. (उरलेला निम्मा ओळखीवर चालतो.)

जव्हारच्या एका आश्रमशाळेत कारकून असलेल्या देवानंदला हे सत्य नाशिकच्या एका सरांच्या तीन दिवसांच्या ऑनलाइन शिबिरात समजलं. धंदा सोपा होता. आपण इंटरनेटवर एक पान लिहायचं, त्यात दुसऱ्याच्या मालाची शिफारस करायची, आणि वाचणाऱ्याने तिथून माल घेतला की कमिशन आपलं. माल आपला नाही, दुकान आपलं नाही, गिऱ्हाइकाचं तोंडही बघायला नको. फक्त त्याने सर्चमध्ये जे शब्द लिहिले, ते लिहिताना त्याच्या मनात काय होतं तेवढं ओळखायचं. त्यासाठी सरांनी अखिल मानवजातीचे चार प्रकार पाडून दिले होते:

१. नुसतं जाणून घेणारा. (हा वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि जातो. याच्यावर वेळ घालवू नये.)
२. ठिकाण शोधणारा.
३. दोन वस्तूंची तुलना करणारा.
४. हात खिशात घातलेला. (हा आपला.)

देवानंद गुणी विद्यार्थी. त्याने घरापासून सुरुवात केली. बायको प्रतिभा म्हणाली, “आज भाजी काय करू?” हा झाला पहिला प्रकार. “तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?” दुसरा. “शेजारचे कमलेशभाऊ बघा, घरात किती मदत करतात!” तिसरा. “मी माहेरी चालले.” चौथा, आणि शंकेला जागाच नाही. शास्त्र इतकं अचूक असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

गिऱ्हाईक तेवढं येईना. तेलाविना तळायचं यंत्र, पाठ चेपणारी खुर्ची, कुत्र्याचा रेनकोट, सगळ्यांवर पानं लिहून झाली. दोन महिन्यांत एकूण वाचक तीन. (पैकी दोनदा तो स्वतः आणि एकदा प्रतिभा, चुकून.)

मग एप्रिल उजाडला, आणि लोक काय शोधतात त्या शब्दांच्या तक्त्यात त्याला हिरा सापडला: ‘टँकर कधी येणार’. शोधणारे भरपूर, आणि त्यावर पान लिहिणारा अख्ख्या भारतात एकही नाही! पण हा तर पहिला प्रकार, नुसतं जाणून घेणारा. देवानंदने सरांना फोन लावला. सर हसले. “अरे, ज्याला टँकर पाहिजे त्याला पाणी साठवायला काय पाहिजे?”

दुपारपर्यंत पान तयार झालं. मथळा, ‘टँकर कधी येणार? सर्वोत्तम सात पिंपं’. खाली ठळक अक्षरांत उत्तर: ‘लवकरच. तोपर्यंत पिंप तयार ठेवा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानावर एक्केचाळीस सर्च आले. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस. चौथ्या दिवशी पुन्हा तेवढेच, ना एक कमी ना एक जास्त. देवानंदने पेढे आणले.

हे एक्केचाळीस कोण, ते त्याला आठवड्याने कळलं. जव्हार तालुक्यातल्या वांगणीच्याही पलीकडे करवंदपाडा आहे. तिथली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. पाड्यात एकच चालणारा फोन, नवशी नावाच्या सुनेचा, आणि रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या खडकावर. नवशी रोज सकाळी खडकावर चढायची आणि फोनला विचारायची, “टँकर कधी येणार?” उत्तर यायचं, लवकरच. मग ती पुढच्या घरासाठी तेच विचारायची. पाड्यात घरं एक्केचाळीस. एकीच्या नावाने विचारलेलं दुसरीला कसं चालेल? रेशनला प्रत्येकाचा अंगठा वेगळा लागतो, तर पाण्याला नको? कोणी म्हटलं असतं की एकदा विचारलं तरी पुरे, तर त्याला पाड्याने खुळ्यात काढलं असतं.

बरं, ‘पिंप तयार ठेवा’ हे एक्केचाळीस वेळा ऐकल्यावर माणूस काय करणार? सरकारी अटच असणार. ज्याच्याकडे पिंप नाही त्याचं नाव यादीतून जाईल या भीतीने भिवंडीला कामावर गेलेल्या पोरांनी तिथून पिंपं मागवली, तीही नवशीने पाठवलेल्या त्या पानावरूनच. जून यायला महिना बाकी असताना करवंदपाड्याच्या विहिरीशी एक्केचाळीस निळी पिंपं ओळीने उभी राहिली. एकूण क्षमता आठ हजार दोनशे लिटर. साठा शून्य. तालुक्यात एवढी सज्जता कुठेही नव्हती, हे मान्य करावंच लागेल.

ओळीतलं सातवं पिंप धोंडीबाईचं होतं. धोंडीबाई म्हणजे देवानंदची सख्खी आत्या. आई गेल्यावर तिनेच त्याला चौथीपर्यंत आपल्या घरी ठेवून शिकवलं. आता तिचे गुडघे गेलेत, तरी ती दीड तास चालून झऱ्यावरून एक हंडा आणते. एका सकाळी नवशीने तिला हाताला धरून खडकावर चढवलं आणि फोन लावून दिला.

“देवा, पिंप आला रं. लय मोठा हाय. आता टँकर कदी यील?”

“येईल आत्या. लवकरच.”

“ते तर फोन पन सांगतो. तू शिकलेला हायस, तू सांग.”

इतके दिवस देवानंदला नुसते वाचक दिसत होते. त्यांना गुडघे असतात हे सरांनी सांगितलंच नव्हतं. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो थेट टँकर जिथून सुटतो त्या कार्यालयात गेला. तिथल्या रोहिदास नावाच्या कारकुनाने त्याला बसवलं, चहा दिला आणि फाइल काढली. फाइलमध्ये देवानंदच्याच पानाची छापील प्रत लावलेली होती. त्याखाली शेरा:

‘सदर संकेतस्थळाचे अवलोकन केले असता, टँकर लवकरच येणार असल्याचे व लाभार्थ्यांनी पिंपे तयार ठेवल्याचे निदर्शनास येते. सबब या स्तरावर स्वतंत्र कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

“पण ते मी लिहिलंय!” देवानंद ओरडला.

रोहिदास उठून उभा राहिला. “म्हणजे तुम्हीच का ते! अहो, आम्ही तुमच्यावरच थांबलोय. वरून रोज विचारतात, टँकर कधी जाणार? आम्ही सर्च मारतो, तर तुमचं ‘लवकरच’. लवकरचला गाडी कशी सोडू? तुम्ही तारीख टाका साहेब, त्या दिवशी टँकर पाड्यावर उभा करतो.”

देवानंदला आयुष्यात प्रथमच कोणीतरी साहेब म्हणालं होतं.

घरी येऊन तो पान उघडून बसला. प्रतिभा शेजारी उभी राहिली. “मंगळवार लिहा,” ती म्हणाली. “पाच अक्षरांसाठी आत्यांना कशाला चालवताय?”

त्याने मंगळवार लिहिलं. मग सरांना एकदा विचारून घेतलं. सर गंभीर झाले. “टाक खुशाल. पण उत्तर मिळालेलं गिऱ्हाईक परत येतं का, ते सांग. आणि आता तर झाकणं विकायची वेळ आली.”

देवानंदने बराच वेळ त्या मंगळवारकडे पाहिलं. त्याला आत्याचे गुडघे दिसले, अगदी खरे दिसले, आणि रडूही आलं. डोळे पुसून त्याने मंगळवार खोडला आणि लिहिलं, ‘अगदी लवकरच’. रोहिदासने फाइलवर शेरा मारला: ‘प्रगती समाधानकारक.’ प्रतिभाने पिशवी भरली आणि ती माहेरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर एक्केचाळीस सर्च आले. तुम्ही बेचाळिसावे. टँकर आला का, एवढं बघायलाच तुम्ही इथवर वाचत आलात, आणि आता धोंडीबाईसाठी ‘अरेरे’ म्हणालात. देवानंदने तुमची नोंद केली आहे. प्रकार पहिला.